त्याला मी आवडले की माझा ड्रेस?

‘मॅडम, त्याला मी आवडले की माझे कपडे?’ २६ वर्षांची ती मुलगी ओढणीच्या टोकाला गाठ मारत होती, सोडवत होती. ऑफिसातला सहकारी, २ वर्षं शेजारच्या रांगेत. तिनं केस कापले, चष्मा जाऊन लेन्स आल्या, आणि तेव्हापासून तो रोज चहाला बोलावतो. हा प्रश्न माझ्याकडे पुष्कळ मुली घेऊन येतात, मुलगेही. (तिच्या परवानगीनं, ओळख लपवून लिहिते आहे.)

‘सॅब्रिना’चा विषय तिनंच काढला. बिली वाइल्डरचा १९५४चा चित्रपट. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरच्या गडगंज घरातल्या ड्रायव्हरची मुलगी सॅब्रिना (ऑड्री हेपबर्न) पॅरिसला स्वयंपाक शिकायला जाते आणि जिव्हाँशी या फ्रेंच फॅशन डिझायनरच्या पोशाखात परतते. मालकाचा धाकटा मुलगा डेव्हिड स्टेशनवर तिला पाहून गाडी थांबवतो आणि घरी सोडायला निघतो. ‘काय भारी वाटलं असेल ना तिला!’ ती म्हणाली.

मला तो प्रसंग नेहमी बोचतो. ही मुलगी त्याच्याच आवारात लहानाची मोठी झाली आणि घर येईपर्यंत त्याला ती ओळखू येत नाही. मी तसं बोलून दाखवलं. गाठ मारणारी बोटं थांबली.

‘मीपण २ वर्षं तिथंच होते, मॅडम.’

मग बराच वेळ रडली. तिची काळजी उद्याची नव्हतीच. कुणी न पाहिलेल्या त्या जुन्या मुलीचं तिला वाईट वाटत होतं. पहिली नजर दिसण्यावर जाते, त्यात खोटं काही नाही. पण सॅब्रिना नुसते कपडे बदलून आली नव्हती. ओव्हन पेटवायलाच विसरणारी, प्रेमात खचलेली पोर पॅरिसमध्ये स्वतःच्या पायांवर उभी राहिली होती.

‘केस कधी कापलेस?’ मी विचारलं.

‘प्रमोशन मिळालं त्या संध्याकाळी.’ आणि ती स्वतःच चमकली.

जुने कपडे घालून त्याची परीक्षा घेऊ नकोस, म्हटलं. मला जे सांगितलंस ते त्याला सांग.

पंधरा दिवसांनी आली. त्यानं कबूल केलं होतं, ‘तू आधी कुठं बसायचीस, मला खरंच आठवत नाही.’ तिला लागलं. पण थाप मारली नाही, हे बरं वाटलं. अजून काही ठरलेलं नाही. ‘एवढे दिवस तोच बोलवायचा,’ ती म्हणाली, ‘सोमवारी चहाला मी बोलावणार आहे.’