बोल्गेरी रेड वाइनची चव नेमकी कशी असते? ती बोर्दोचीच नक्कल आहे का?

प्रश्नातला दुसरा भाग वाचला आणि राहवलं नाही. मी इटलीत, टस्कनीच्या किनाऱ्यावर लिव्होर्नोत राहतो, बोल्गेरी हे वाइनचं गाव इथून गाडीने तासाभराच्या आत, आणि हे फ्रान्समधल्या बोर्दोच्या वाइनची 'नक्कल' प्रकरण मी आमच्या साडूभाऊंकडून वर्षानुवर्षं ऐकतोय. ते लंडनला असतात, वाइनचा कोर्स केलाय, त्यामुळे प्रत्येक जेवणात लेक्चर ठरलेलं. कॅबर्ने द्राक्ष फ्रेंच, मर्लो द्राक्ष फ्रेंच, मग यात इटलीचं काय, असं त्यांचं म्हणणं.

म्हटलं चला, दाखवतोच. ऐन उन्हाळ्यात त्यांना घेऊन गेलो. सान ग्वीदोपासून गावापर्यंत सायप्रसच्या झाडांचा तो सरळसोट रस्ता, दुपारी ऊन मी म्हणत होतं, पण चारच्या सुमाराला समुद्राकडून वारा सुटला आणि अंगावरचा घाम वाळला. द्राक्षांचंही तेच होतं, दिवसा भरपूर ऊन आणि वर हा वारा, म्हणून फळ पूर्ण पिकतं तरी त्यातला आंबटपणा टिकतो. एका छोट्या वायनरीत बसलो, कुंपणाला रोझमेरी होती. मी दोन काड्या बोटांत चुरगाळून साडूंच्या नाकापुढे धरल्या आणि मग ग्लास धरला. तोच वास! काळ्या बेरी, मागून रोझमेरी-तमालपत्रासारखा रानवास, आणि शेवटी आमसूल तोंडात धरल्यावर सुटतं तसं पाणी. साडू म्हणाले, हा ओकच्या पिंपाचा वास. ओतणाऱ्या बाईंना मी तिथेच विचारलं. त्या म्हणाल्या, ही साधी रोस्सो, म्हणजे रेड, हिने लाकूड पाहिलेलंच नाही, सिमेंटच्या टाकीतली आहे. साडूंनी विषय बदलला.

आणि नक्कलच म्हणायची तर मारिओ इन्चिसा देल्ला रोक्केत्ता यांनी १९४० च्या दशकात तिथल्या दगडाळ जमिनीत कॅबर्ने लावलं तेव्हा बोर्दोच डोक्यात होतं, हे कोणीच नाकारत नाही. पण त्यातून झालेली वाइन, सासिकाया, १९६८ च्या व्हिंटेजपासून (म्हणजे त्या वर्षीच्या द्राक्षांपासून) बाजारात आली आणि १९७८ मध्ये लंडनच्याच टेस्टिंगमध्ये जगभरच्या कॅबर्नेंमध्ये १९७२ ची सासिकाया पहिली आली, हे साडूंच्या कोर्समध्ये शिकवत नाहीत वाटतं. आणि गंमत म्हणजे तेव्हा तिच्यावर कायद्याने 'टेबल वाइन', म्हणजे सगळ्यात खालचा दर्जा, लिहायचे, बोल्गेरीच्या रेडला डीओसी, म्हणजे त्या प्रदेशाच्या नावाचा अधिकृत दर्जा, मिळाली थेट १९९४ ला.

टस्कनीतल्याच कियान्ती वाइनशी तुलना करू नका. ती सान्जोव्हेझे या इटालियन द्राक्षाची, आंबट चेरी, हिरड्यांना धरणारी. बोल्गेरी जास्त गडद, गोलसर, मऊ. सान्जोव्हेझे बोल्गेरीत चालते पण ५० टक्क्यांपर्यंतच, बहुतेक जण तेवढीही घालत नाहीत.

हां, सगळ्याच बाटल्या अशा नसतात. २००३ किंवा २०१७ सारख्या कडक उन्हाच्या वर्षांत काही वाइन जॅमकडे झुकतात, आणि काहीजण नव्या ओकचा इतका मारा करतात की रानवास गायब. म्हणून पहिली बाटली महागडी सुपेरिओरे (बोल्गेरीचा वरचा प्रकार) घेऊ नका, तिला लाकडात ठेवणं नियमानेच आलं. साधी बोल्गेरी रोस्सो घ्या, अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा, सोबत रानडुकराच्या रश्शातला पास्ता किंवा भाजलेलं मटण. आणि जेवायला कोर्स केलेले कोणी असतील तर लेबल झाकून ओता, मग विचारा फ्रान्स की इटली.