सांगलीत इंजिनिअरांच्या सोसायटीच्या ब्रँचचं मेंबर होऊन काही उपयोग होतो का?

तुम्ही विचारलंय की नुकती कुपवाडला नोकरी लागलीय, लाईफ मेंबर व्हावं का, की पैसे वाया. व्हा. पण सर्टिफिकेट फ्रेम करून लावायला होणार असाल तर नका होऊ.

ऑगस्ट २०१९ च्या पुरात सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलेलं, धोक्याची पातळी ४५. पाणी उतरलं आणि आमच्या कमिटीची मीटिंग लागली ती १५ सप्टेंबरच्या इंजिनिअर्स डेची, म्हणजे हॉल, पाहुणे, शाली, जेवण. मी म्हटलं यंदा हॉल राहू दे, गावभागातली घरं बघून देऊ, लोक रस्त्यात अडवून विचारतायत साहेब घरात राहायला जाऊ का. एक ज्येष्ठ मेंबर म्हणाले, हे महापालिकेचं काम, उद्या भिंत पडली तर आपल्या गळ्यात येईल. बाकीचे गप्प. अहो, ज्यांच्या फोटोला हार घालायचा त्या विश्वेश्वरय्यांनी खडकवासल्याला पुराच्या पाण्यासाठी आपोआप उघडणारे दरवाजे बसवले, १९०८ ला मुसी नदीनं हैदराबाद बुडवलं तेव्हा निजामाच्या सरकारनं त्यांनाच बोलावून घेतलं, आणि त्यांच्याच जयंतीला पुरात भिजलेल्या गावात आपण शाली वाटायच्या?

मग आम्ही सात जण रविवारी निघालो, ओळंबा (भिंत सरळ उभी आहे का बघायचं दोरीचं वजन), टॉर्च आणि हातोडी घेऊन. जुन्या घरांत विटा मातीत बांधलेल्या आणि वरून सिमेंटचा गिलावा, त्यामुळं आतली माती धुऊन गेली तरी बाहेरून भिंत ठणठणीत दिसते, हातोडीनं वाजवली की पोकळ बोलते. भेगांवर आम्ही काचेच्या पट्ट्या पीओपीनं चिकटवून तारीख टाकली, पट्टी फुटली म्हणजे भेग अजून हलतेय. एका आजींच्या घरी तीन लावल्या. पंधरा दिवसांनी गेलो तर दोन शाबूत, जिन्याजवळची फुटलेली. त्याच दिवशी टेकू लावून घेतले आणि आजींना पुतण्याकडं पाठवलं, त्या काही केल्या देव हलवायला तयार नव्हत्या. ऑक्टोबरच्या पावसात जिन्याकडची भिंत बसली. घरात कोणी नव्हतं.

त्या सातांतले पाच मला ब्रँचच्या संध्याकाळच्या लेक्चरलाच भेटलेले, त्यात एक माती तपासणारा, काळ्या मातीतले पाये कसे उचलले जातात आणि वाळल्यावर कसे बसतात ते मी त्याच्याकडून शिकलो. हा उपयोग. नोकरी-प्रमोशनचं म्हणाल तर मला तरी कधी काही मिळालं नाही. लेक्चर चुकवू नका, साईट व्हिजिटला जा, आणि कमिटीत जागा मिळाली तर बजेट मांडताना हॉलभाड्याच्या आधी कामाचा आकडा मांडा.

तसं त्या ज्येष्ठांचं एक बरोबर होतं, घर राहण्याजोगं आहे असं लेखी द्यायला परवाना असलेला स्ट्रक्चरल इंजिनिअरच लागतो, आम्ही कुणालाच कागद दिला नाही, नुसतं तोंडी सांगितलं. पण न जायला ते कारण नव्हतं, हे मी तेव्हाही म्हटलं आणि आजही म्हणतो.

तेव्हा बघितलेल्या ६२ घरांची वही माझ्याकडं आहे, भेगांच्या आकृत्यांसकट. नंतरच्या दोन कमिट्यांना देऊ केली, कुणी नेली नाही. मेंबर झालात की या, तुम्हाला देतो.