कॅमेऱ्याचं नंतर बोलू, आधी त्या पॉलिसीचं बघा

नाशिकच्या एका वाचकाचं पत्र थोडक्यात असं: ‘वय 34, हातात पगार 92 हजार. घरी पत्नी, चार वर्षांची मुलगी आणि आई. गृहकर्ज 31 लाख बाकी, त्याचा हप्ता 34 हजार. फुजीफिल्मचा एक्स100 सिक्स हा कॅमेरा घ्यायचा आहे, दुकानदार 1 लाख 70 हजार सांगतो. बारा महिन्यांच्या नो कॉस्ट ईएमआयवर घेऊ की 2 लाखांची एफडी मोडू? शनिवार-रविवारी लग्नाची कामं घेतली तर वर्षात पैसे वसूल होतील. शिवाय या कॅमेऱ्याची किंमत उतरत नाही म्हणतात, म्हणजे गुंतवणूकच झाली. ता. क. मुलीच्या शिक्षणाची सोय बँकेतूनच पॉलिसी घेऊन केली आहे. वर्षाला 1 लाख 20 हजार, दहा वर्षं. पॉलिसीला वीस वर्षं झाली की 24 लाख, गॅरंटीड. दोन हप्ते भरले, तिसरा पुढच्या महिन्यात.’

तुमचा खरा प्रश्न त्या ता. क.मध्ये आहे. पण विचारलंय ते आधी उरकतो.

कॅमेरा उत्तम आहे, यात वाद नाही. 40 मेगापिक्सेलचा, फोनपेक्षा बराच मोठा एपीएस-सी आकाराचा सेन्सर, हात हलला तरी सावरून घेणारं स्टॅबिलायझेशन, काचेतून थेट पाहायचा आणि इलेक्ट्रॉनिक असा दुहेरी व्ह्यूफाइंडर, कडक उन्हासाठी आतच बसवलेला एनडी फिल्टर, जवळजवळ आवाज न करणारा लीफ शटर. शटर स्पीडची चकती आणि लेन्सवरची अॅपर्चरची कडी फिरवायची मजा मेन्यूत बोटं घालण्यात नाही. क्लासिक क्रोमसारख्या फिल्म सिम्युलेशनमुळे, म्हणजे जुन्या फिल्मसारखे रंग देणाऱ्या सोयीमुळे, फोटो कॅमेऱ्यातूनच असा निघतो की संगणकावर तासन्‌तास बसावं लागत नाही. वजन अर्धा किलोच्या किंचित वर. चार वर्षांच्या मुलीमागे घरभर धावणाऱ्या बापाला याहून चांगला सोबती मिळणं अवघड.

मात्र लग्नाच्या कामाला हा कॅमेरा नव्हे. लेन्स एकच, फुल फ्रेमच्या हिशेबात 35 मिलिमीटर, म्हणजे दूरचं जवळ न आणणारी, आणि ती बदलता येत नाही. मंगलाष्टकांच्या वेळी अंतरपाटाभोवती माणसांचं कडं असतं. त्यामागून तुम्हाला नवरीचा चेहरा हवा असेल तर कडं फोडून आत शिरावं लागेल. डिजिटल झूम आहे, पण तो म्हणजे फोटो कापणं. कार्डाला खाच एकच. पैसे घेऊन केलेल्या कामात कार्ड बिघडलं तर अक्षता पुन्हा पडत नाहीत. बॅटरी कंपनीच्याच हिशेबाने साधारण 450 फोटोंची, म्हणजे हळदीतच संपली. पावसापासून बचाव हवा तर वेगळी रिंग आणि फिल्टर लावावा लागतो. वसुलीचं गणित सोडून द्या.

‘किंमत उतरत नाही’ हे यातलं सगळ्यात गंमतशीर वाक्य. आधीचं मॉडेल, एक्स100 व्ही, सोशल मीडियावर गाजलं, माल मिळेना, म्हणून वापरलेलेही छापील किमतीच्या वर गेले. ती टंचाईची किंमत होती. फेब्रुवारी 2024मध्ये नवं मॉडेल आलं, तसं पुढचंही येईल. आवडीसाठी दीड-पावणेदोन लाख घालवायला माझी हरकत नाही, पण त्याला गुंतवणूक म्हणू नका.

आता ईएमआय. कॅमेऱ्याचे महिना 14 हजार, घराचे 34, पॉलिसीचे महिन्याला दहा धरा. 92पैकी 58 हजार गेले. उरलेल्या 34 हजारांत चार माणसं, आईची औषधं आणि शाळेची फी. एफडी मोडलीत तर अडीनडीला घरात एवढाच पैसा होता, तोही गेला. तेव्हा ईएमआय नको आणि एफडीलाही हात नको.

आणि आता ता. क. बँकेतल्या त्या गोड बोलणाऱ्या मुलाने सांगितलं असणार, ‘सर, पैसे डबल.’ बारा लाखांचे चोवीस, बरोबर. पण पहिला हप्ता वीस वर्षं अडकतो, शेवटचा अकरा, सरासरी साडेपंधरा. पैसे दुप्पट व्हायला जितकी वर्षं लागतात त्यांनी 72ला भागलं की वार्षिक दर अंदाजे कळतो. 72ला साडेपंधराने भागा: साडेचार टक्क्यांच्या थोडं वर. मुलीचं शिक्षण या दराने? महागाईच तेवढी खाऊन जाईल.

याहून वाईट गोष्ट तुम्ही लिहिलीच नाहीत. अशा पॉलिसीत विम्याची रक्कम सहसा हप्त्याच्या दहापट, म्हणजे बारा लाख. पत्रात दुसऱ्या आयुर्विम्याचा उल्लेख नाही, म्हणून तो नाहीच असं धरतो. उद्या तुमचं बरंवाईट झालं तर बारा लाखांत गृहकर्जाचा निम्मा भागही फिटत नाही, आणि पत्नी, मुलगी, आई तिघी उघड्यावर. वर्षाला 1 लाख 20 हजार भरणाऱ्या माणसाच्या घराची ही अवस्था! मला राग येतो तो इथे.

दीड कोटीचा टर्म इन्शुरन्स, म्हणजे मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा निव्वळ विमा, तुमच्या वयाला, तंबाखू-सिगारेट नसेल तर, वर्षाला पंधरा-वीस हजारांच्या घरात मिळतो. 22 सप्टेंबर 2025पासून वैयक्तिक आयुर्विम्यावर जीएसटीही नाही. शेवटी काही परत मिळत नाही म्हणून लोक नाक मुरडतात. नका मुरडू.

जुन्या पॉलिसीचं काय? दोन लाख चाळीस हजार भरलेत म्हणून पुढे भरत राहायचं, हे डोक्यातून काढा. थांबलात आणि पॉलिसी पेड-अप केलीत, म्हणजे पुढचे हप्ते न भरता तशीच ठेवलीत, तर दहापैकी दोन हप्त्यांच्या प्रमाणात, 24 लाखांच्या पाचव्या हिश्शाला, साधारण 4 लाख 80 हजारांना तुमचा हक्क राहील, अर्थात मुदतीअखेर. पुढचे आठ हप्ते म्हणजे 9 लाख 60 हजार भरून जास्तीचे मिळतात 19 लाख 20 हजार. परतावा पाच टक्के. तेच हप्ते मुलीच्या नावे सुकन्या समृद्धी या सरकारी बचत योजनेत टाका. सध्याचा 8.2 टक्के दर टिकला तर त्याच अठरा वर्षांत तीस लाखांच्या आसपास होतात. दर तिमाहीला बदलू शकतो हे खरं, पण अकरा लाखांचा फरक सहज पुसला जाणार नाही. मुलीच्या अठराव्या वर्षानंतर शिक्षणासाठी निम्मी रक्कम काढताही येते.

सरेंडर, म्हणजे पॉलिसी मोडून आत्ताच पैसे घेणं, की पेड-अप, हे कागद पाहिल्याशिवाय सांगणार नाही. सरेंडरचे हातात एक लाखच पडणार असतील, तर पेड-अप ठेवणं बरं. एकाचे अठरा वर्षांत 4 लाख 80 हजार म्हणजे नऊ टक्के, ते तुम्हाला दुसरीकडे खात्रीने कुठे मिळणार? दीड लाखाच्या आसपास मिळत असतील तर हिशेब बदलतो.

टर्म पॉलिसीचा अर्ज आज करा. वैद्यकीय तपासणी होऊन ती हातात येईपर्यंत जुनी मोडू नका. वार्षिक हप्त्याला तारखेनंतर 30 दिवसांची सवलत असते, घाई नाही. विमा कंपनीला, बँकेतल्या त्या मुलाला नव्हे, ईमेल करून दोन आकडे लेखी मागा: आजची सरेंडर व्हॅल्यू आणि पेड-अप केल्यास मुदतीअखेरची रक्कम. आकडे आले की मला पाठवा. तोवर कॅमेरा एखाद्या शनिवार-रविवारी भाड्याने आणून मुलीचे फोटो काढा, आणि दर महिन्याला 14 हजार वेगळ्या खात्यात टाकायला लागा. बारा महिने ते जमलं तर कॅमेरा रोखीने घ्या, दुकानदाराशी घासाघीसही करता येईल.