शांत गल्लीतलं घर घ्या, कुकर मात्र बेतानं

ताई, नवऱ्याला दक्षिण कोरियातल्या देजॉन शहरात दोन वर्षांची पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरची संशोधनाची नोकरी, मिळाली आहे. एक खोली विद्यापीठाला लागून गजबजलेल्या गुंग-दोंगमध्ये, दुसरी शिनसॉंग-दोंगच्या आतल्या गल्लीत. दिवसभर तुम्ही एकट्या, तर ती शांतता खायला उठेल का, हा तुमचा प्रश्न. मीही 2017 साली अशीच एफ-3 व्हिसावर, म्हणजे नोकरी करायची मुभा नसताना, पुण्याहून तिथे गेले आणि सात वर्षं राहिले. माझं मत विचाराल तर आतली गल्ली घ्या. पहिले तीन महिने खायला उठेल, हे खरं. पण गुंग-दोंगमध्ये रात्री दोन वाजता पोरांचा गोंधळ ऐकत झोपायचं वय आपलं राहिलं नाही.

आणि अगदीच काही नि:शब्द नसतं हो. सकाळी अंड्यांचा टेम्पो भोंग्यावर 'अंडी आली, ताजी टपोरी अंडी आली' असं ओरडत फिरतो. दुपारी जुने टीव्ही, वॉशिंग मशीन विकत घेणारा येतो, त्याचीही रेकॉर्ड लावलेली. भाषा कळत नव्हती तेव्हाही पहिल्याच दिवशी कळलं, हा आपला भंगारवाला!

आधी पैशांचं. दलाल '500 ला 40' म्हणेल. तिकडे मोजणी दहा हजारांच्या 'मान'मध्ये चालते, म्हणजे अनामत 50 लाख वॉन आणि महिना भाडं 4 लाख वॉन. शिवाय इमारतीचा देखभाल खर्च वेगळा, त्यात काय काय धरलंय ते विचारा. सही करण्यापूर्वी दलालाकडून घराचा नोंदणी उतारा काढून घ्या आणि त्यावर कर्जाचा बोजा किती आहे ते पाहा. राहायला गेल्यावर दोन आठवड्यांच्या आत पत्ता बदलल्याची नोंद करा आणि करारावर तारखेचा शिक्का मारून घ्या. त्याला 'ह्वाकजॉंग-इलजा' म्हणतात. उद्या घर लिलावात निघालं तर अनामतीवरचा तुमचा हक्क त्या नोंदीवर आणि शिक्क्यावरच उभा राहतो. आमच्या पहिल्या घरमालकानं 'नवा भाडेकरू येऊ दे, मग देतो' म्हणत दोन महिने लटकवलं होतं. शेवटी मिळाले, पण तोवर जिवाला घोर.

आता कचरा. हसू नका, गल्लीत तुमची पत यावर ठरते. साधा कचरा आपल्या वॉर्डाच्या विकतच्या पिशवीतच टाकायचा. ही पद्धत देशभर 1995 पासून आहे. कचरा जितका कमी तितक्या पिशव्या कमी लागतात. उष्टं-खरकटं वेगळं. पारदर्शक प्लास्टिकची बाटली लेबल सोलून, चेपून वेगळी. एवढं मला कळलं होतं. मग एकदा मी कांद्याची सालं, अंड्यांची टरफलं आणि मटणाची हाडं खरकट्याच्या डब्यात टाकली. संध्याकाळी बेल वाजली. दारात खालच्या मजल्यावरच्या बाई, हातात गुलाबी रबरी मोजे. मला खाली नेलं, डब्यापाशी उकिडव्या बसल्या आणि एकेक साल, एकेक हाडूक वेचून बाहेर काढायला लागल्या. प्रत्येक तुकड्याला एकच वाक्य: 'द्वेजी, आन मॉगॉ.' दुसऱ्या दिवशी शब्दकोश काढला. 'डुक्कर खात नाही.' खरकट्याचं पुढे जनावरांचं खाद्य होतं, खत होतं, म्हणून जनावर जे चावू शकत नाही ते साध्या कचऱ्यात. त्यानंतर मी कधी चुकले नाही. नारळाची करवंटी, आंब्याची कोय, सगळं त्या एका वाक्यावर पारखायचं.

याच बाईंमुळे माझं कोरियन सुधारलं. हाक मारताना एक सांभाळा. 'हाल्मॉनी' म्हणजे आजी, पण साठीच्या बाईला तसं म्हणालात तर तोंड वाकडं होतं. 'ऑमॉनिम' म्हणा, म्हणजे आईच. राहायला गेल्यावर शेजाऱ्यांना लाल चवळीसारख्या दाण्यांचा तांदळाचा केक वाटायची जुनी रीत आहे. हल्ली फारसं कुणी वाटत नाही. मी बेसनाचे लाडू दिले होते. बाईंनी ऑगस्टअखेरीस पिशवीभर सुक्या लाल मिरच्या आणून दिल्या. त्या दिवसांत फुटपाथवर, गाड्यांच्या बॉनेटवरसुद्धा मिरच्या वाळत घातलेल्या असतात, आपल्याकडच्या वाळवणासारख्या.

भाजीसाठी युसॉंगचा बाजार. तारखेत 4 किंवा 9 असेल त्या दिवशी भरतो, आपल्या आठवडे बाजारासारखा. मुळा, लसूण, पालक, कोवळे भोपळे भरपूर. कोथिंबीर क्वचित, कढीपत्ता विसरा. शाकाहारी असाल तर किमचीतही खारवलेली कोळंबी असते, वास थेट जवळ्याचा, आणि साध्या भाजीच्या सूपलाही सुक्या मासळीचं पाणी.

हिवाळ्यात जमिनीखालून घर तापवतात. दह्याचं विरजण, इडलीचं पीठ पातेल्यात घालून, टॉवेल गुंडाळून जमिनीवर ठेवा, सकाळी झाकण उचललेलं असतं. गावाला जाताना बॉयलर बंद मात्र करू नका, 'वेचुल' बटणावर ठेवा, नाहीतर नळ गोठतात. मी होते तेव्हा गूगलचा नकाशा तिकडे चालत जायचे रस्ते दाखवत नव्हता, 'नेव्हर' या कोरियन ॲपचा घ्या. अडलात तर 1345 ला फोन करा, परदेशी लोकांसाठीच आहे, इंग्रजीत बोलतात.

सामानात गोडा मसाला, हिंग, पोहे भरा. ताजी फळं आणि मांसाचे पदार्थ नकोत, विमानतळावर काढून घेतात. प्लग वेगळा लागतो, पण वीज 220 व्होल्टचीच, त्यामुळे मिक्सर चालतो. रात्री नऊनंतर तो लावू नका. मजल्यांमधल्या आवाजावरून तिकडे कडाक्याची भांडणं होतात, आणि खलबत्ता तर कोणत्याही वेळी नको. कुकर आणाल तो तीन लिटरचा, इंडक्शनवर चालणारा आणा. माझा पाच लिटरचा होता. पहिल्या शिटीला वरच्या मजल्यावरचा मुलगा गॅस फुटला म्हणून अनवाणी खाली पळाला होता.