हॅवलॉकच्या राधानगर बीचला सरकारी बोट आणि बसने जाता येतं का? वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात अंदमानवर दोन पानं आली आणि त्यानंतर पत्रांचा ढीग पडला, त्यातली निम्मी एकाच गोष्टीबद्दल आहेत, हॅवलॉक बेटावरचा राधानगर बीच स्वस्तात, म्हणजे खासगी क्रूझ आणि दिवसभराची टॅक्सी न करता बघता येतो का. म्हणून या वेळी बाकीचे विषय बाजूला ठेवले आणि फक्त यावरचे प्रश्न घेतले.

आम्ही दोघं रिटायर्ड, वय ६३ आणि ६०. सांगलीतला टूरवाला म्हणतो की हॅवलॉकला सरकारी बोटीचं तिकीट टुरिस्टना मिळतच नाही आणि बेटावर गाडी नसेल तर बीचपर्यंत पोचताच येणार नाही, पॅकेज घ्याच. खरं आहे का? – एक वाचक, सांगली

नाही काका, खरं नाही. आणि हे असं घाबरवून पॅकेज विकतात ना, त्याचा मला मनापासून राग येतो, कारण पेन्शनच्या पैशात फिरणाऱ्या माणसाला जो मार्ग सगळ्यात सोयीचा तोच त्याच्यापासून लपवला जातो.

नीट सांगतो. पोर्ट ब्लेअर, म्हणजे २०२४ पासून अधिकृत नाव श्री विजयपुरम, तिथून हॅवलॉक समुद्रातून साधारण ४० किमी. हॅवलॉकचंही नाव २०१८ ला बदलून स्वराज द्वीप झालं, नेताजींनी ३० डिसेंबर १९४३ ला पोर्ट ब्लेअरला झेंडा फडकवला त्याला ७५ वर्षं झाली तेव्हा. तिकिटावर नवीन नाव दिसेल, लोकांच्या तोंडी अजून हॅवलॉकच आहे, तर दोन्ही लक्षात ठेवा म्हणजे काउंटरवर गोंधळ नको. सरकारी बोटी अंदमान प्रशासनाचं जहाज खातं चालवतं, डीएसएस म्हणतात त्याला, आणि त्या फिनिक्स बे जेट्टीवरून सुटतात. एअरपोर्टवरून ही जेट्टी चार-पाच किलोमीटरच आहे, रिक्षाने पटकन होतं. सरकारी बोटीला अडीच तासाच्या आसपास लागतात, खासगी कॅटामरान, म्हणजे दोन सांगाड्यांची वेगवान बोट, दीड तासात पोचवते. काही सरकारी फेऱ्या आधी नील बेटाला (आताचं शहीद द्वीप) जाऊन मग हॅवलॉकला येतात, त्यांना जास्त वेळ लागतो, म्हणून तिकीट काढताना "डायरेक्ट है क्या" एवढं विचाराच.

तिकीट टुरिस्टला मिळतं, फक्त स्थानिकांना प्राधान्य आणि सवलतीचं भाडं आहे आणि ते अगदी बरोबर आहे, कारण आपण तिथं फिरायला जातो पण त्यांच्यासाठी हीच बोट म्हणजे दवाखाना, कॉलेज, कोर्ट, बाजार, सगळं. बुकिंग प्रवासाच्या काही दिवस आधी सुरू होतं, ऑनलाइनही होतं आणि जेट्टीच्या काउंटरवरही. सीझनला म्हणजे डिसेंबरच्या शेवटी वगैरे सीट लगेच भरतात, त्यामुळे पोचल्या दिवशीच सगळ्यात पहिलं काम काउंटरवर जाणं हे ठेवा, सेल्युलर जेल नंतर बघा. दोघांचं ओरिजिनल आधार जवळ हवं, तिकिटावर नाव असतं. आणि जायचं तिकीट काढतानाच परतीचंही काढा, हे अजिबात विसरू नका, बेटावर जाऊन परतीचं शोधणारे लोक मग काउंटरसमोर सकाळ घालवतात.

भाड्यात फरक बराच आहे. पण मी सरकारी बोट फक्त स्वस्त म्हणून सांगत नाहीये. खासगी क्रूझमध्ये एसी केबिनमध्ये बसवतात आणि बहुतेक वेळा बाहेर उभं राहू देत नाहीत, काचेतून जे दिसेल ते. सरकारी बोटीच्या डेकवर तुम्ही मोकळ्या हवेत उभे, शेजारी कोंबड्यांची टोपली घेतलेली आजी, शाळेतली पोरं, सिमेंटची पोती, आणि पोर्ट ब्लेअरचं बंदर मागे पडलं की पाण्याचा रंग बदलत बदलत जातो ते अडीच तास बघत बसायचं. नशीब असेल तर उडणारे मासे दिसतात.

आता बेटावरचं. जेट्टी म्हणजे तिथला एक नंबर बीच. हॅवलॉकला गावांना नावं आहेत, गोविंदनगर, विजयनगर, राधानगर अशी, पण बीच नंबरने ओळखतात, गोविंदनगरचा बाजार तीन नंबर, विजयनगर पाच नंबर आणि राधानगर सात नंबर. जेट्टीपासून राधानगर साधारण १२ किमी आणि तिथपर्यंत सरकारी बस जाते. आपल्या एसटीसारखीच, तिकीट किरकोळ, कंडक्टर सांगतो कुठं उतरायचं. फेऱ्या मोजक्या असतात, म्हणून जेट्टीवर उतरल्याउतरल्या बसचा टाइम आणि विशेष म्हणजे राधानगरहून शेवटची बस कधी हे विचारून कागदावर लिहून घ्या. रिक्षावाले बाहेर उभे असतातच, त्यातला एखादा म्हणेल बस बंद झाली, तरी जरा थांबून दुकानदाराला विचारा.

राहायला मी तुम्हाला गोविंदनगरच्या बाजाराजवळ सुचवेन. रिसॉर्ट बहुतेक विजयनगरच्या बाजूला आहेत, छान आहेत, पण बसने फिरायचं तर बाजार बरा, कारण राधानगरकडे आत जाणारा रस्ता तिथूनच फुटतो, जेवणाची छोटी हॉटेलं तिथंच आणि एटीएमपण. ही सगळी वस्ती पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासित कुटुंबांना वसवून उभी राहिली, त्यामुळे खानावळीत भात, डाळ, माशाचं कालवण असं साधं घरगुती मिळतं, आणि हिंदी सगळ्यांना येतं.

आम्ही चार मित्र, नाशिकला इंजिनिअरिंगला आहोत, बजेट खूपच कमी. राहायचा खर्च वाचवायला सकाळी जाऊन संध्याकाळी परत असं करता येईल का? सनसेट बघायचाच आहे. – नाशिक

सनसेट बघायचा असेल तर एका दिवसात नाही होणार रे, आणि यात काही जुगाड पण नाही. अंदमान आपल्यापेक्षा खूप पूर्वेला आहे पण घड्याळ आपलंच, त्यामुळे तिथं सूर्य पहाटे पाचच्या पुढे-मागे उगवतो आणि संध्याकाळी पाच-साडेपाचला मावळतो, आणि पोर्ट ब्लेअरला परत जाणारी शेवटची बोट त्याच्या आधीच गेलेली असते. लोक नाशिकच्या हिशोबाने साडेसहाचा सूर्यास्त धरून पाच वाजता हॉटेलमधून निघतात आणि बीचवर पोचेपर्यंत अंधार. म्हणून तीन-साडेतीनपर्यंत राधानगरला असा.

राहायचा खर्च वाचवण्यापेक्षा राहा एक रात्र, दोन राहिलात तर फारच भारी. बीच नंबर सातला सकाळची पहिली बस पकडून गेलात तर गर्दी नसते. वाळू पांढरी, जवळजवळ दोन किलोमीटरचा किनारा आणि मागे समुद्र महुआची उंचच उंच झाडं, एवढी की दुपारी बारालाही सावलीत बसता येतं, हे आपल्याकडच्या किती बीचवर मिळतं सांगा. २००४ मध्ये टाइम मॅगझिनने आशियातला सगळ्यात चांगला बीच म्हटलं होतं याला, तेव्हापासून गर्दी वाढली, २०२० ला ब्लू फ्लॅग, म्हणजे स्वच्छ आणि सुरक्षित बीचला मिळणारं सर्टिफिकेटही मिळालं. पण सगळी गर्दी तीन ते सहा याच वेळेत येते, कारण पॅकेजच्या गाड्या तेव्हाच सोडतात. बसने जाणारा माणूस सकाळी जाऊ शकतो, हा त्याचा फायदा, आणि तो तुम्ही घ्याच.

स्कूटर भाड्याने मिळते, लायसन्स असेल तर घ्या, पण ती घेतली नाही म्हणून काही अडत नाही. एलिफंट बीचला स्नॉर्केलिंगसाठी, म्हणजे नळीने श्वास घेत पाण्यावर तरंगत खालचं कोरल (प्रवाळ) बघायला जायचं तर जेट्टीवरून बोटी सुटतात, तो वेगळा खर्च धरा. स्कूबा पहिल्याच ट्रिपला कराच असं नाही.

माझा मुलगा सहा वर्षांचा आहे. राधानगरला मगर येते असं वाचलं आणि नवऱ्याने प्लॅनच कॅन्सल करायचं म्हटलंय. सेफ आहे का? – रत्नागिरीहून एक वाचक

ताई, भीती पूर्ण खोटी नाही. एप्रिल २०१० मध्ये राधानगरला लागूनच असलेल्या नील्स कोव्ह नावाच्या खाडीसारख्या भागात स्नॉर्केलिंग करताना एका अमेरिकन तरुणीचा मगरीच्या हल्ल्यात मृत्यू झाला होता. अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत, खारफुटी आणि खाड्यांच्या तोंडाशी जास्त, हे तिथलं वास्तव आहे. म्हणून नियम एकच, लाइफगार्ड जिथं बसलेत आणि जिथं पोहायची परवानगी आहे तेवढ्याच पट्ट्यात मुलाला घेऊन उतरायचं, नील्स कोव्हच्या बाजूला फोटोसाठीही पाण्यात पाय घालायचा नाही, आणि शिट्टी वाजली की बाहेर यायचं, "अजून पाच मिनिटं" असं मुलाने म्हटलं तरी. अंधार पडायच्या आत ते सगळ्यांना बाहेर काढतात, त्यांच्याशी वाद घालणारे आईबाप दिसले की फार वाईट वाटतं.

तळ वाळूचा आहे, दगड किंवा कोरल पायाखाली येत नाही, त्यामुळे लहान मुलाला खेळायला हा बीच बेटावरच्या बाकी बीचपेक्षा चांगलाच. विजयनगरच्या बाजूला ओहोटीला पाणी लांब मागे हटतं आणि खडक उघडे पडतात, तिथं त्याला नेलंत तर चपला घालूनच. कोकणातली माणसं तुम्ही, भरती-ओहोटी तुम्हाला मी काय सांगणार, पण मे ते सप्टेंबर जाऊ नका, समुद्र तिथंही खवळलेलाच असतो. जानेवारी ते मार्च बेस्ट. वाळूत बारीक माश्या चावतात, संध्याकाळी मुलाला पूर्ण पॅन्ट घाला. कपडे बदलायची खोली, टॉयलेट, दोन्ही आहे. आणि शंख-शिंपले, कोरलचे तुकडे खिशात घालून आणायचे नाहीत, मुलाला आधीच समजावून ठेवा, परवानगीशिवाय ते बेटांबाहेर नेता येत नाहीत आणि एअरपोर्टवर बॅगेत सापडले की काढून घेतात.

बोट कॅन्सल झाली तर? आमची परतीची फ्लाइट हॅवलॉकहून निघायच्याच दिवशी संध्याकाळची आहे. – पुणे

ही फ्लाइट बदला. कितीही पेनल्टी लागली तरी बदला, किंवा हॅवलॉकहून एक दिवस आधी निघा. या एका गोष्टीवर मी अजिबात ऐकून घेणार नाही. डिसेंबर २०१६ मध्ये वादळामुळे बोटी बंद पडल्या आणि हॅवलॉकवर हजारावर पर्यटक अडकले, त्यांना आणायला नौदलाची जहाजं पाठवावी लागली. तेवढं मोठं वादळ रोज येत नाही, पण वाऱ्यामुळे एखादी फेरी रद्द होणं, उशिरा सुटणं, हे नेहमीचं आहे, आणि सरकारी असो की खासगी, समुद्र खवळला की दोघांनाही थांबावंच लागतं, उलट जास्त पैसे दिलेत म्हणून तुमची बोट आधी निघते असं नाही. सरळ क्रम असा ठेवा की आधी हॅवलॉक आणि नील करून घ्यायचं आणि पोर्ट ब्लेअर शेवटी, म्हणजे शेवटचा दिवस आपोआप राखीव राहतो, बोट वेळेत आली तर त्या दिवशी सेल्युलर जेल निवांत बघता येतं. सावरकर १९११ ते १९२१ तिथं होते, त्यांची कोठडी बघायला मराठी माणसं घाईत येतात आणि फोटो काढून पळतात, तिथं अख्खी दुपार द्या.

मला बोट लागते. अडीच तास जमेल का? सांगलीच्या काकांसारखंच आमचंही वय. आणि फोन, पैशांचं काय? – कोल्हापूर

जमेल मावशी. सकाळची बोट घ्या, समुद्र सकाळी त्यातल्या त्यात शांत असतो. रिकाम्या पोटी नका बसू आणि वडापाव खाऊनही नका बसू, दोन बिस्किटं, केळं, एवढंच. बोटीच्या मधल्या भागात खालच्या मजल्यावर सीट मागा, तिथं हलणं कमी जाणवतं, आणि मळमळ वाटली की मोबाइल बंद, डेकवर जाऊन लांब क्षितिजाकडे बघत उभं राहायचं. उलटीची गोळी निघायच्या अर्धा-पाऊण तास आधी घ्यायची, बोट सुटल्यावर घेऊन उपयोग नाही, पण काचबिंदू किंवा मिस्टरांना प्रोस्टेटचा त्रास असेल तर यातल्या काही गोळ्या चालत नाहीत, आधी डॉक्टरांना विचारा.

फोनचं म्हणाल तर २०२० ला चेन्नईहून समुद्राखालून केबल आली, तेव्हापासून नेट पुष्कळ सुधारलंय, तरी राधानगरच्या बाजूला रेंज जाते-येते, म्हणून तिकिटाची प्रिंट काढून पर्समध्ये ठेवा आणि बस, नारळपाणी, जेवण यासाठी सुट्टे पैसे असू देत, यूपीआयच्या भरवशावर जाऊ नका. बॅग चाकाची नको, पाठीवरची घ्या, बोटीच्या फळीवरून आणि बसच्या पायऱ्यांवर तीच बरी पडते.