फर्म सोडताना पार्ट्या सोबत नेता येतात का?

तुमचा प्रश्न असा, की पुण्यातल्या फ्लॅटच्या ब्रोकिंग फर्ममध्ये चार वर्षं झाली, आता दुसरीकडे चाललोय, तर जुन्या क्लायंटना, म्हणजे आपल्या भाषेत पार्ट्यांना, काय सांगायचं आणि सोबत न्यायचं की नाही. मी या धंद्यात पंधरा वर्षं आहे, दोनदा फर्म बदलली. पहिल्यांदा मातीच केली.

निघायच्या आदल्या रात्री मोबाइलमधल्या तीनेकशे नंबरांना एकच मेसेज टाकला: आता मी अमुक ठिकाणी, यापुढे इथेच फोन करा. सकाळी सात वाजता जुन्या मालकांचा फोन आला, तो कसा होता ते विचारू नका. त्यात वाकडच्या साइटवर माझी एक पार्टी बुकिंगच्या तोंडावर होती. बिल्डरच्या सेल्स ऑफिसला ती जुन्या फर्मच्या नावावर टॅग झालेली, म्हणजे जुन्या फर्मने आणलेली अशी नोंद झालेली. मी शहाणपणा करून नव्या फर्मकडून तिची पुन्हा व्हिजिट करवली. एकाच पार्टीवर दोन चॅनल पार्टनर, म्हणजे दोन ब्रोकर फर्म, हक्क सांगतायत म्हटल्यावर बिल्डरने दोघांचंही ब्रोकरेज सात महिने अडकवलं. ती पार्टी नंतर माझा फोनच उचलेना.

तेव्हा टॅग झालेल्या, टोकन दिलेल्या पार्ट्या जुन्या फर्मच्याच समजा. त्यांची यादी करून मालकांसोबत बसा आणि कोणत्या डीलमध्ये तुमचं किती, हे ईमेलवर घ्या. बिल्डरकडून ब्रोकरेज येतं ते फ्लॅटचं एग्रीमेंट रजिस्टर झाल्यावर, बऱ्याचदा त्यानंतरही काही महिन्यांनी. तोवर 'देतो रे' हे कोणाच्या लक्षात राहत नाही.

कंपनीचं सिम, सीआरएम (क्लायंटच्या नोंदींचं सॉफ्टवेअर), एक्सेल तिथेच सोडा. ऑफर लेटरमध्ये 'दोन वर्षं या धंद्यात काम करणार नाही' असं लिहून घेतलं असेल तर त्याला फार घाबरू नका. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 27 नुसार नोकरी सुटल्यानंतरची अशी बंदी सहसा टिकत नाही. पण फर्मचा डेटा उचलून नेणं ही वेगळी गोष्ट, तिथे गोत्यात याल.

महारेराचं, म्हणजे राज्याच्या रिअल इस्टेट नियामकाचं, विसरू नका. एजंटचं सक्षमता प्रमाणपत्र तुमच्या नावावर असतं, ते तुमच्यासोबत येतं. फर्मचा एजंट नोंदणी क्रमांक मात्र फर्मचाच. जुनी कार्डं, जुन्या नंबराच्या जाहिराती पहिल्याच दिवशी बंद करा. स्वतंत्र काम करणार असाल तर स्वतःची नोंदणी झाल्याशिवाय नोंदणीकृत प्रकल्पातला एकही फ्लॅट दाखवू नका. दंड दिवसाला 10,000 रुपये आहे.

आता राहिली माणसं. माझ्या फोनमध्ये 'कुलकर्णी 2बीएचके बाणेर 90' अशी शेकडो नावं होती. त्यांना मी कोण हे आठवतही नसेल, त्यांच्यासाठी कशाला भांडायचं? खरी ओळख असलेले पंचवीस-तीस निघतात. त्यांना एकेकाला फोन करा, पण राजीनामा मंजूर झाल्यावर, आणि मालकांना सांगून. 'मी फर्म सोडतोय, तुमचं काम आता तिथे अमुक बघेल' एवढंच बोला. 'मग तू कुठे?' हे ते विचारतातच. तेव्हा खरं सांगा. जुन्या फर्मबद्दल वाईट बोलू नका, खरं असलं तरी.

दुसऱ्या वेळी फर्म सोडताना माझ्या ड्रॉवरमध्ये चाव्यांचे अकरा जुडगे होते, चिकटपट्टीवर फ्लॅट नंबर लिहिलेले. बरेचसे फ्लॅटमालक परदेशात. प्रत्येकाला विचारलं, चावी ऑफिसात ठेवू की परत देऊ, आणि ऑफिसात ठेवलेल्या चाव्यांची सहीनिशी पोच घेतली. कोथरूडच्या एक काकू, त्यांचा मुलगा न्यू जर्सीला, म्हणाल्या, "चावी ऑफिसला नाही, तुला दिली होती." मी म्हटलं, काकू, मला दिली ती ऑफिसच्या खुर्चीत बसलो होतो म्हणून, हवी तर तुम्ही मागून घ्या. जरा रागावल्याच. पुढे भाडेकरूचा अकरा महिन्यांचा करार संपला, तेव्हा स्वतः रिक्षाने जुन्या ऑफिसात गेल्या, चावी घेतली आणि तशाच माझ्याकडे आल्या. चहा झाल्यावर पहिला प्रश्न, "तुझी नवी फर्म ब्रोकरेज जास्त नाही ना घेत?"