नववी-दहावीतलं मूल अचानक गप्प झालं, तर वर्गशिक्षकाने नेमकं काय करावं?

आधी हजेरीपट आणि वह्या बघा. सोमवारची दांडी, चाचणीच्या दिवशी पोटदुखी, अर्धवट गृहपाठ, पहिल्या तासाला डुलक्या असं दोन आठवडे सलग दिसलं, की बोलायची वेळ झाली.

वर्गासमोर बोलू नका, स्टाफरूममध्ये तर नाहीच. तिथे चार जणांचे कान टवकारलेले असतात. मधल्या सुट्टीत व्हरांड्यात दहा मिनिटं पुरतात. 'काय झालंय?' विचारलंत तर 'काही नाही, सर' हेच ऐकू येईल. जे दिसलं तेच सांगा: 'गेले तीन सोमवार तू आला नाहीस. रात्री झोप लागते का?' आणि थांबा. बहुतेक जण इथेच घसरतात. दोन क्षणांत 'दहावीचं वर्ष आहे' सुरू होतं आणि पोर मिटतं.

'कुणालाही सांगणार नाही' असा शब्द देऊ नका. लैंगिक छळ किंवा तसल्या फोटोंवरून धमक्या निघाल्या, तर पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे; मुख्याध्यापकांच्या कानावर घालून सुटका होत नाही. चॅट डिलीट करायला लावू नका, तो पुरावा असतो. फोटो स्वतःच्या फोनवर मुळीच घेऊ नका.

'जगावंसं वाटत नाही' असं ऐकलंत, तर 'मरायचे विचार येतात का?' हे सरळ विचारा. विचारल्याने ते डोक्यात भरत नाही. एकटं सोडू नका, त्याच दिवशी पालकांना बोलवा. टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६, चोवीस तास मोफत आहे. त्रास घरातूनच होत असेल, तर आधी १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन करा.